हात लावायच्या आधी

"छडी खाली ठेव. पँट काढ."

खडूचा डबा सरकवायला सांगावं तसं भैय्यासाहेब म्हणाले. वर्ग भरलेला. पुढं मुली, मागं आम्ही पोरं. मी फळ्याजवळ उभा. अंगात इस्त्री केलेला पांढरा युनिफॉर्म, डोक्याला चपचपीत तेल, हातात नकाशे दाखवायची लांब छडी. घसा खाकरून झाला होता. 'आदरणीय सर आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो' एवढं तोंडातून बाहेर पडलंही होतं.

"ऐकू आलं न्हाई का? टेबलावर चढ."

मला वाटलं सर गंमत करतात. मी हसलो. वर्ग पण हसला. फरक इतकाच, वर्ग कशाला हसतोय हे वर्गाला माहीत होतं.

थांबा, इथंच ठेवतो मला थोडा वेळ. फळ्याजवळ, छडी हातात, तोंडावर ते खुळं हसू. वीस वर्षं मी तिथंच उभा होतो, अजून थोडा उभा राहिलो तर काही बिघडत नाही. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. आता मात्र चवीनं सांगतो. कुणी न विचारताही सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, एस.टी.त शेजारी बसलेल्याला सांगतो. बायको म्हणते, तुम्हाला काही लाज? मी म्हणतो, होती. ज्याची होती त्याला परत केली.

मी ताडकळसच्या बाजूचा. धनगराचा. आमची मेंढरं, थोड्या शेळ्या, आणि वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या रानात मजुरी. बारावी झालेला घरातला पहिला मी. परभणीत एका संस्थेचं नर्सिंग कॉलेज होतं, तिथं स्कॉलरशिपवर नंबर लागला. गाव हसलं. बाप्यानं नर्स व्हायचं म्हणजे काय! माझे वडील, आबा, तेवढे हसले नाहीत. पारावर बसलेल्यांना म्हणाले, "मेंढी अडली तर तिचं बाळंतपण मी करतो. मी काय बाई हाय का? आन् बाई असतो तरी तुमच्या बाचं काय गेलं असतं?"

भैय्यासाहेब म्हणजे संस्थेच्या मालकांचे धाकटे चिरंजीव. खरं नाव विचारू नका, सांगणार नाही. भैय्यासाहेब आपल्या जिल्ह्यात गावोगाव दोन-चार सापडतात. ज्यांना ज्यांना हे वाचून घाम फुटेल त्यांनी आपापलं बघून घ्यावं. तर या भैय्यासाहेबांनी कुठून तरी डॉक्टरकीची पदवी आणली होती. दवाखाना टाकला नाही, रोगी बघायचा कंटाळा. आम्हाला शरीररचना शिकवायचे. वर्गात यायचे ते पांढरीशुभ्र पँट, पांढरे बूट, अत्तराचा घमघमाट. शिपाई मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालायचा.

कॉलेजात शिकवायला एक रबरी बाहुला होता. त्याचा पुरुषाचा तेवढा भाग उंदरांनी खाल्ला होता. थट्टा नाही, खरं सांगतो. नाक शाबूत, कान शाबूत, हातापायाची बोटं शाबूत. उंदरांनी नेमकं तेवढंच पसंत केलं. नवा बाहुला मागवायचा तर संस्थेला ते जिवावर यायचं. मग पुरुषाच्या तपासणीचा धडा आला की काय करायचं?

आदल्या दिवशी भैय्यासाहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. खांद्यावर हात ठेवला. भैय्यासाहेबांचा हात, माझ्या खांद्यावर!

"उद्याच्या धड्याला पुढं तू उभा ऱ्हायचं. आंघोळ करून, चांगले कपडे घालून ये."

मला दुसरं काही सुचलंच नाही. मला वाटलं, सरांनी मला शिकवायला निवडलं. का वाटू नये? वर्गात अभ्यासाला मी बरा होतो. आमच्या माणसाला मोठ्या माणसानं पुढं उभं केलं की आम्ही सन्मान समजतो. ही आमची जुनी खोड. मी गावातल्या किराणा दुकानात फोन लावला, आबांना बोलावून घेतलं.

"आबा, सरांनी मला उद्या वर्गाला शिकवायला उभं केलंय."

पलीकडं आबा दुकानदाराला म्हणाले ते ऐकू आलं, "साखर दे रे पावशेर." त्याच पावली त्यांनी ती साखर गल्लीत वाटली. काय म्हणून वाटतो हे विचारल्यावर सांगितलं, पोरगं मास्तर झालं.

आणि मी धडा पाठ करत बसलो. काय धडा होता तो! माझ्या आयुष्यात मी वाचलेली सगळ्यांत सुंदर गोष्ट. वृषण आधी पोटात तयार होतात, वर, मूत्रपिंडाच्या शेजारी. मग बाळ आईच्या पोटात असतानाच ते खाली निघतात. जांघेच्या वाटेनं, हळूहळू, जन्माच्या सुमाराला आपल्या पिशवीत येऊन पोचतात. कशासाठी एवढा प्रवास? गारव्यासाठी. अंगाची ऊब त्यांना सोसत नाही. परभणीच्या उन्हाळ्यात माणूस घर सोडून गच्चीवर झोपायला जातो, तसं. हे मी पाठ करताना स्वतःशीच हसलो. ठरवलं, हा दाखला उद्या वर्गात द्यायचा.

आणि पुढची ओळ वाचून हसू थांबलं. कधी कधी एक वृषण वाटेतच थांबतो.

मला एकच होता. लहानपणापासून मला ते माहीत होतं आणि ते का, हे माहीत नव्हतं. आई म्हणायची, नदीवर पोरांसंगं आंघोळीला जाऊ नको. एवढंच. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की मला शाप नाही, कुणाची नजर नाही. वाटेत थांबलेला आहे एक, बस. पुस्तकात लिहिलं होतं की यावर इलाज करून घ्यावा, ठेवला तर पुढं धोका असतो. मी मनात ठरवलं. उद्या धडा चांगला शिकवायचा. सर खूश होतील. मग एकटं गाठून त्यांना विचारायचं, सर, माझं असं असं आहे, काय करू?

तर असा मी. फळ्याजवळ. छडी हातात.

मी टेबलावर चढलो.

का चढलो, हे मला माझ्या दोन्ही लेकींनी विचारलं आहे. काय सांगू? हुकूम झाला. आमच्या घरात हुकूम झाला की अंग आधी उठतं आणि डोकं मागून येतं. माझं डोकं येईपर्यंत मी टेबलावर होतो.

पडदा नाही. हातमोजे नाहीत. चादर नाही. वर पंखा, त्याची एक पाती वाकलेली. मी तिच्याकडं बघत राहिलो. भैय्यासाहेब वर्गाकडं तोंड करून इंग्रजीतून बोलत होते आणि हात माझ्यावर चालत होता, माझ्याकडं न बघता. दुकानदार ताग्यातलं कापड दाखवतो तसा. मग हात थांबला.

"अरेच्च्या! ह्याच्यात तर एकच हाय."

वर्ग फुटला.

"सिंगल फेज हाय हे! दिवा लागंल, पन मोटार चालणार न्हाई."

तेव्हा गावोगाव लोडशेडिंग. सिंगल फेजवर घरातला दिवा लागायचा, विहिरीवरची मोटार चालायची नाही. सगळ्यांना तो विनोद एका झटक्यात कळला. मागच्या बाकावरच्या पोरांनी बाकं बडवली. मुली खाली बघत होत्या. काही ओढणीत हसत होत्या. एक रडत होती, आणि तिचं रडणं मला हसण्याहून जास्त लागलं, कारण तिच्या रडण्यानं मला कळलं की जे चाललंय ते खरंच चाललंय.

मी दोन्ही हातांनी झाकायला गेलो, तर भैय्यासाहेबांनी माझा हात बाजूला केला.

"लाजतो काय बे? तुमच्यात तर दर बाजाराला असंच बघतात की."

त्या आठवड्याच्या बाजाराला मी गावी गेलो. आबांनी विचारलं, "शिकवलंस?" मी म्हणालो, "शिकवलं." त्यांनी पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून टोचते.

ताडकळसच्या बाजारात आबांनी एक बोकड विकायला आणला होता. कळपात राखायचा बोकड घेताना गिऱ्हाईक मागून हात घालून बघतं. दोन्ही आहेत का, सारखे आहेत का, गाठ नाही ना. भैय्यासाहेब खोटं बोलले नव्हते, बाजारात असंच बघतात. पण आबांची एक रीत होती. ती मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि कधीच बघितली नव्हती. आबा आधी खाली बसायचे. बोकडाचं मुंडकं आपल्या काखेत घ्यायचे. त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवायचे. कानाशी काहीतरी पुटपुटायचे. बोकडाचं अंग ढिलं पडलं की मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हं. बघा आता. सावकाश."

त्या दिवशी एक पांढऱ्या कपड्यातला, बोटात अंगठ्या घातलेला माणूस आला आणि आल्या आल्या वाकून त्यानं मागून हात घातला. बोकड दचकून उडाला. आबांच्या हातातली काठी त्या माणसाच्या मनगटावर बसली. खाड्कन!

"मुंडकं धरू दे की आधी! बेवारस हाय का ते?"

माणूस मनगट चोळत म्हणाला, "एवढं काय रे? जनावरच तर हाय."

"जनावर हाय म्हनून तर इचारायचं," आबा म्हणाले. "त्येला न्हाई म्हनता येत न्हाई."

बाजार चालू होता. कुणी भाव करत होतं, कुणी भजी तळत होतं. मी तिथं उभा होतो आणि माझ्या अंगातून काहीतरी वर चढत होतं. पायापासून. बोकडाला नाही म्हणता येत नाही. मला येत होतं. मला येत होतं!

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीला तोच धडा होता. शिपाई माझ्या वर्गाच्या दारात आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "सिंगल फेज कोन हाय? भैय्यासाहेबांनी बोलवलंय." म्हणजे नाव शिपायापर्यंत पोचलं होतं.

मी गेलो. तुकडी बसलेली. तेच टेबल.

"चढ."

"आधी मला विचारा."

"काय?"

"मला विचारा, चढशील का म्हणून. विचारलं की मी न्हाई म्हननार हाय."

भैय्यासाहेबांनी असं वाक्य जन्मात ऐकलं नसावं. त्यांनी शिपायाकडं बघितलं, जणू तो भाषांतर करून सांगेल.

"कोन शिकवलं तुला हे?"

"बाजारात शिकलो."

"चढतो का घालू लाथ?"

"घाला लाथ. कपड्यावरनं लागंल ती."

लाथ घातली नाही. त्याहून मोठी घातली. होस्टेलमधून माझी ट्रंक बाहेर आली. त्या विषयाच्या प्रॅक्टिकलला मी नापास झालो. एक वर्ष गेलं. आणि टेबलावर माझ्या जागी दुसऱ्याला चढवलं, स्कॉलरशिपवर आलेल्याच दुसऱ्या एकाला. तो चढला. मी त्याला कधी दोष दिला नाही.

वर्ष काढलं, पास झालो. मध्ये एकदा एकटाच सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घेतलं. तिथल्या सर्जननं आधी हात चोळून गरम केले, मग मला विचारलं. मी उत्तर द्यायच्या ऐवजी रडायला लागलो, तो बिचारा घाबरला. जांघेत अडकलेला तो काढून टाकावा लागला. सर्जन म्हणाला, हे लहानपणीच व्हायला पाहिजे होतं, असं राहिलं तर पुढं कॅन्सरची भीती असते. मग त्यानं विचारलं, "याआधी कुणा डॉक्टरला दाखवलं नाही?"

दाखवलं होतं की. भरवर्गात दाखवलं होतं. भैय्यासाहेब डॉक्टर होते. हाताला जे लागलं ते काय आहे आणि त्याचं पुढं काय होऊ शकतं, हे त्यांना माहीत होतं. खाली वाकून कानात एक वाक्य सांगायचं होतं. त्यांनी त्याचा विनोद केला. कपडे काढायला लावले ते मी एक वेळ गिळलं असतं. हे मी गिळलं नाही.

तर आता मी ब्रदर आहे, देवगाव फाट्यापासून आत गेल्यावर एका ग्रामीण रुग्णालयात. लग्न झालं. दोन लेकी आहेत, दोघीही माझ्यावर गेल्या आहेत, तोंडाळ. मोटार चालली, भैय्यासाहेब! आमच्याकडं मुलगा जन्मला की त्याच्या आईसमोर, हात गरम करून, दोन्ही उतरलेत का ते मी बघतो. नसले उतरले तर तिला सांगतो, कधी दाखवायचं आणि कुठं. सिस्टर लोक म्हणतात, ब्रदरला याचं वेड आहे. आहेच.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याच कॉलेजची मुलंमुली आमच्याकडं वॉर्डात शिकायला आली. त्यांच्यात पेडगावची एक सारिका होती. शेतकऱ्याची पोर, धीट, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. मी विचारलं, पुरुषाची तपासणी वर्गात कशी शिकवली? पोरं एकमेकांकडं बघून फिदीफिदी हसली.

सारिका हसली नाही. म्हणाली, "आमच्यात एकाला टेबलावर चढवतात, सर. स्कॉलरशिपवाल्याला. लय वर्सांची रीत हाय."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"कोन न्हाई म्हनतंय? सिंगल फेज करनं म्हनतात त्येला. 'औंदा सिंगल फेज कुनाला करायचं' असं."

माझ्या हातात ट्रे होता. मी तो खाली ठेवला. वीस वर्षं मी समजत होतो की माझी बेइज्जती माझ्यापुरती होती, मी तिला पुरलं, संपलं. तिचं तर त्यांनी क्रियापद केलं होतं! दर साली एक नवा पोरगा माझ्या नावानं त्या टेबलावर चढत होता.

आणि मग, बघा देवाची करणी, की उंदरांची म्हणा, एका दुपारी काळ्या काचांची गाडी आवारात आली. ओपीडी संपत आली होती. गाडीतून भैय्यासाहेब उतरले. पांढरी पँट नव्हती. धोतर होतं. पाय फाकवून, जपून जपून चालत होते, पाण्यानं भरलेली घागर मांड्यांत धरल्यासारखे. मी खिडकीतून बघितलं आणि मला आजाराचं नाव कळलं. अंडवृद्धी. पिशवीत पाणी साठतं. परभणीत प्रत्येक दवाखान्यात त्यांचा सोयरा नाही तर मतदार, म्हणून लपत लपत इतक्या लांब आले होते. आमच्याकडं आठवड्यातून एकदा सर्जन यायचे, त्यांच्याआधी तपासणीची तयारी माझ्याकडं.

(आजार हाच होता का दुसरा, हे मी बदललं असेल किंवा नसेल. रुग्णाचं गुपित राखणं माझं काम आहे.)

मी पडदा ओढला. खिडकी लावली. हात धुतले, पुसले, चोळून गरम केले, हातमोजे घातले. सगळं सावकाश. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. माझ्यासारख्यांचे चेहरे त्यांनी कधी बघितलेच नव्हते.

"हात लावू का?" मी विचारलं.

"लाव की. इचारतो काय?"

"तुम्ही हो म्हणाल्याशिवाय लावत नाही."

"बरं, हो. लवकर कर."

"बाहेर तुमच्याच कॉलेजची मुलंमुली उभी आहेत. आत बोलावू? शिकतील बिचारी."

काय सांगू तुम्हाला! तो चेहरा! मी सर्कस बघितली आहे, तमाशा बघितला आहे, निवडणूक हरलेले पुढारी बघितले आहेत. त्या चेहऱ्याची सर कशाला नाही. ते कोपरावर उठले, धोतर ओढून घेतलं.

"न्हाई! न्हाई म्हन्तो ना! येडा झालास का?"

"ठीक आहे. नाही बोलावत. बघा किती सोपं असतं. माणूस नाही म्हणाला की थांबायचं."

ते माझ्याकडं बघायला लागले. पहिल्यांदा माझ्याकडं. मी टॉर्च घेतली, पुन्हा विचारलं, त्यांनी मान हलवली, मी म्हणालो तोंडानं बोला, ते बोलले, मग तपासलं. आत पाणी असलं की उजेड आरपार जातो, पिशवी कंदिलासारखी लाल दिसते. तशीच दिसली.

"पाणीच आहे," मी म्हणालो. "घाबरू नका. सोपं ऑपरेशन आहे. दिवा लागलाय, भैय्यासाहेब. मोटारीचं सर्जन सांगतील."

ते परत कोपरावर उठले.

"तू... सिंगल फेज?"

माझं नाव त्यांना आठवलं नाही. ते ठेवलेलं नाव आठवलं. माझ्या मनात जराशी दया उगवत होती बहुतेक, ती तिथंच करपली.

सर्जननं ऑपरेशन केलं, चांगलं झालं. मी त्यांची सेवा कुठं कमी केली नाही, गोळी चुकवली नाही, ड्रेसिंग सैल बांधलं नाही. फक्त प्रत्येक वेळी विचारलं, "हात लावू का?" आणि मोठ्यानं 'हो' ऐकू येईपर्यंत हात वर धरून उभा राहिलो.

घरी जाताना भैय्यासाहेबांनी माझा हात धरला.

"आपल्या कॉलेजात परिचारिका दिनाचा कार्यक्रम हाय. तुझा सत्कार ठेवतो. शाल, श्रीफळ. माजी विद्यार्थी म्हनून." मग हळूच, "झालं गेलं... कुनाला सांगनार न्हाईस ना?"

या लोकांची एक चूक ठरलेली असते. त्यांना वाटतं, अंगावर शाल घातली की तोंडावर पण पडते.

"तुमचं गुपित मी मरेपर्यंत राखीन," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

कार्यक्रमाला मी आबांना घेऊन गेलो. आबा आता थकले आहेत, नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. त्याच रांगेत थोडं पलीकडं भैय्यासाहेब, खुर्चीवर उशी घेऊन. शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालक म्हणाला, सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत.

मी शिपायाला म्हणालो, "नकाशाची छडी आण." आणली. तीच की दुसरी कुणास ठाऊक, पण तसलीच, लांब.

"आदरणीय सर आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो," मी म्हणालो. "वीस वर्षांपूर्वी मी इथं एक धडा शिकवायला उभा होतो. तो एवढ्यावरच थांबला होता. पुढचा आज शिकवतो."

आणि शिकवला. सगळा. वृषण कुठं तयार होतात, कसे उतरतात, कशासाठी उतरतात. गच्चीवर झोपायला जाण्याचा दाखला दिला, सभागृह हसलं. एखादा वाटेत थांबतो तेव्हा काय करायचं, सांगितलं. मग म्हणालो, "माझा थांबला होता. याच कॉलेजात, टेबलावर, भरवर्गात सापडला. ज्यांना सापडला त्यांनी मला इलाज सांगितला नाही, माझं नाव ठेवलं. तुम्ही दर साली ज्या नावानं एकाला टेबलावर चढवता, ते माझं आहे. सिंगल फेज मी आहे."

हसणं कुठं गेलं कळलं नाही.

"आता पुरुषाची तपासणी," मी म्हणालो आणि छडी उचलून पहिल्या रांगेवरून हळूहळू फिरवली. "कुणाला होते ही तपासणी? शेतमजुराला होते. पुढाऱ्याला होते. संस्थेच्या मालकाला पण होते." छडी भैय्यासाहेबांपाशी आली. मी थांबलो. पाणी प्यालो. ग्लास खाली ठेवला. त्यांच्या कपाळावरून घामाची धार निघाली ती थेट कॉलरमध्ये गेली. त्यांना वाटत होतं, आता बोलेल. मी बोललो नाही. पुढच्या वाक्याला परत वाटलं, आता बोलेल. मी बोललो नाही. पाऊण तास. वर्गासमोर उघडं पडण्याची भीती काय असते, ती मी त्यांना बसल्या जागी, सगळे कपडे अंगावर असताना, थेंबाथेंबानं पाजली. आणि गुपित? गुपित राखलं. वचन दिलं होतं ना.

शेवटी विचारलं, "हात लावायच्या आधी काय करायचं?"

सारिका उभी राहिली. "इचारायचं."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

या वेळी सगळे म्हणाले. मागच्या बाकांवरूनही आवाज आला. "थांबायचं!"

बाहेर आल्यावर आबा फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, "मी साखर वाटली होती रे तवा."

"होय, आबा."

"मला का न्हाई सांगितलंस? काठी घिऊन आलो असतो."

टाके बघायला भैय्यासाहेबांना परत यावंच लागलं. पडदा ओढला. ते छताकडं बघत पडून राहिले.

"झालं समाधान तुजं?"

"नाही."

"आता काय पायजे? माफी पायजे का?"

"तुमच्याकडंच ठेवा ती. मला लागत नाही."

"मग?"

"ते टेबल त्या वर्गातून बाहेर काढा. या साली पुरुषाची तपासणी माझ्या वॉर्डात शिकवली जाईल, रुग्णाला विचारून, पडद्याआड. तुमच्या वर्गात एक जरी पोरगा टेबलावर चढवला, तर पहिला साक्षीदार मी. पोलिसात, नर्सिंग कौन्सिलात, कोर्टात. जांघेतला व्रण उघडा करून दाखवीन. मला आता उघडं व्हायची भीती नाही, भैय्यासाहेब. ती तुमच्याकडं आली."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"हात लावू का?"

मी हात वर धरून उभा राहिलो. घाई मला नव्हती.

"...हो."

"मोठ्यानं."

"हो!"

टेबल निघालं की नाही, हे बघायला मी जूनमध्ये जाणार आहे. न कळवता, धड्याच्याच दिवशी. आबा म्हणाले आहेत, मी पण येतो. त्यांच्याकडं काठी आहे. माझ्याकडं ती छडी आहे. कार्यक्रमाच्या दिवशी ती मी हातातच घेऊन बाहेर पडलो आणि कुणी परत मागितली नाही.

मागितली तरी आता मी ती खाली ठेवणार नाही.